पिचरचे दोन्ही पाय हवेत : कॉलेज सॉफ्टबॉलच्या बदललेल्या नियमांविषयी वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतल्या कॉलेज मुलींचे सॉफ्टबॉल सामने आता आपल्याकडेही मोबाइलवर आवडीने बघितले जातात, आणि त्यामुळे प्रश्नही वाढलेत. या वेळच्या टपालात बहुतेक पत्रं नियमांबद्दलची आहेत. उत्तरं देण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो. आपल्या मैदानांवर जो खेळ चालतो तो आंतरराष्ट्रीय महासंघाच्या पुस्तकाप्रमाणे. अमेरिकन कॉलेजांचं, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांचा कारभार बघणाऱ्या एनसीएए या संघटनेचं, नियमपुस्तक वेगळं. ते दोन वर्षांसाठी निघतं. नियम समिती बदल सुचवते, प्रशिक्षकांची मतं मागवली जातात आणि मग वरचं देखरेख मंडळ शिक्कामोर्तब करतं. खेळ एक, पुस्तकं दोन, आणि अर्धे प्रश्न यातूनच आलेले.

प्रश्न : मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, पिचर आहे. व्हिडिओत अमेरिकन पिचर बॉल टाकताना चक्क उडी मारतात, दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले दिसतात. मी तसं केलं तर सर ‘इललीगल पिच’ म्हणून ओरडतात. कोण बरोबर? (जळगाव)

तुझे सर ज्या नियमात वाढले त्या नियमाप्रमाणे ते बरोबर आहेत. आणि व्हिडिओतल्या मुलीही चुकत नाहीत, कारण त्यांच्यापुरता नियमच बदलला. जुलै 2023 मध्ये एनसीएएने मंजुरी दिली आणि 2024 च्या हंगामापासून पिचरचे दोन्ही पाय एकाच वेळी हवेत असलेले चालू लागले. त्याआधी मुलींच्या खेळात मागच्या पायाने, म्हणजे ज्या पायाने पिचर्स प्लेटवरून (पिचर उभी राहते ती जमिनीतली पट्टी) स्वतःला पुढे ढकलायचं त्याने, जमीन सोडायची नाही असा दंडक होता. बुटाचं टोक मातीत घासत पुढे यायला हवं. पुरुषांच्या खेळात मात्र ही झेप कित्येक वर्षांपासून मान्य होती. मुलींना वेगळा न्याय का, याचं पटेल असं उत्तर मी आजवर ऐकलेलं नाही.

बदल का झाला, हे नीट समजून घे. नियम मोडणाऱ्या पिचर काही 2023 मध्ये जन्मल्या नव्हत्या. ताकदीच्या व्यायामाने मुलींच्या पायांत एवढा जोर आला की प्लेटवरून ढकलल्यावर मागचा पाय आपोआप उचलला जायचा, कधी बोटभर, कधी वीतभर. आता पंचांची अवस्था बघ. बॉल हातातून कुठे सुटतो, स्ट्राइकच्या चौकटीतून जातो की बाहेरून, बॅट फिरली की थांबली, हे सगळं बघायचं आणि त्याच क्षणी तेरा मीटरवरच्या बुटाखाली फट आहे का तेही बघायचं. एक पंच सबंध सामन्यात एकदाही बोलायचा नाही, दुसरा एकाच डावात तीनदा हात वर करायचा. वर टीव्हीवर संथ गतीत ती फट घरबसल्या सगळ्यांना दिसायची. जी मुलगी प्रामाणिकपणे पाय घासत टाकायची तिलाच त्या नियमाचा भुर्दंड पडत होता. त्यामुळे समितीने केलं ते बरंच केलं असं माझं मत आहे.

पण झेप चालते म्हणजे सगळं चालतं असं नाही. ‘क्रो हॉप’ आजही बेकायदा आहे. झेपेत तू प्लेटवरून ढकलतेस, हवेतून पुढे येतेस आणि बॉल सोडतेस. क्रो हॉपमध्ये पिचर प्लेट सोडून पुढे येते, मागचा पाय नव्या जागी रोवते आणि तिथून दुसऱ्यांदा ढकलते. म्हणजे पिचिंगचं अंतर तिने स्वतःच कमी केलं. खूप मुली झेप शिकायला जातात आणि नकळत क्रो हॉप करू लागतात. बाजूने व्हिडिओ काढून बघ. दुसरा धक्का कुठून बसतो ते तुला लगेच कळेल. आणखी एक : प्लेटची रुंदी 24 इंच, पुढचं पाऊल त्याच पट्ट्यात पडायला हवं. झेप घेताना ते भटकतं.

तुझ्या स्पर्धेत काय चालतं ते त्या वर्षीच्या नियमपुस्तकात बघ आणि सामन्याआधी पंचांना विचारून घे. ‘अमेरिकेत चालतं’ हे वाक्य मात्र त्यांच्यासमोर काढू नकोस. आणि पाय घासत टाकायला आधी पक्कं शीक. ते जमलेल्या मुलीला झेप शिकायला वेळ लागत नाही, उलट दिशेने मात्र फार त्रास होतो.

प्रश्न : आम्ही खेळायचो तेव्हा सामने 1-0, 2-1 असे संपायचे. आता कॉलेजच्या सामन्यात दहा-दहा रन आणि होमरनचा पाऊस. बॅट-बॉलमध्ये काही फेरफार केलाय का? (पुणे)

केलाय, आणि जाणूनबुजून केलाय. एनसीएएची पहिली विमेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीज 1982 मध्ये झाली. अंतिम सामन्यात यूसीएलएने फ्रेस्नो स्टेटला 2-0 हरवलं, आणि त्या दोन रनसाठीही सातऐवजी आठ डाव लागले. तेव्हा पिचर 40 फुटांवरून टाकायची. बॅटरला हाताशी वेळच उरत नव्हता. शून्य-शून्यवर अडकलेले, डावामागून डाव रेंगाळणारे सामने रोजचे होते. जाणकारांना त्यात गोडी होती, पण प्रेक्षक जांभया देत होते.

मग 1980 च्या दशकाच्या अखेरीस अंतर 43 फुटांवर नेलं. तीन फूट ऐकायला किरकोळ वाटतात, बॅटरला विचारा. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला पांढरा बॉल जाऊन लाल शिवणीचा पिवळाधमक बॉल आला, तो नजरेला लवकर सापडतो. पुढे अ‍ॅल्युमिनियमच्या जागी कॉम्पोझिट, म्हणजे कार्बनसारख्या तंतूंच्या मिश्रणाच्या, बॅट आल्या. आता पारडं एवढं झुकलं की बॅटवर चाचण्या लावाव्या लागल्या आणि बॉलचा टणकपणाही आकड्यांत बांधावा लागला. कॉम्पोझिट बॅट वापरून वापरून आणखी उसळी देऊ लागते, म्हणून ती कारखान्यातून बाहेर पडताना तपासून भागत नाही, स्पर्धेच्या ठिकाणी पुन्हा दाबून बघावी लागते.

अर्थात सगळं श्रेय साहित्याला देऊ नका. 1993 मध्ये यूसीएलएच्या लिसा फर्नांडिसने पिचर म्हणून सात डावांमागे सरासरी 0.25 रन दिले आणि त्याच हंगामात .510 च्या सरासरीने, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा यशस्वी फटका मारत, बॅटिंग केली. तिच्यापुढे नियमांची चर्चा निरर्थक ठरते. दुसऱ्या टोकाला ओक्लाहोमाची जोसेलिन अ‍ॅलो. लॉरेन चेंबरलेनचा 95 होमरनचा विक्रम तिने मोडला आणि 2022 मध्ये 122 वर थांबली. ओक्लाहोमाने 2021 ते 2024 अशी सलग चार विजेतेपदं मिळवली, ती बऱ्याच अंशी अशा बॅटच्या जोरावर.

पिचर गप्प बसल्या असं मात्र नाही. 2025 मध्ये टेनेसीच्या कार्लिन पिकेन्सचा एक बॉल ताशी 79.4 मैल मोजला गेला, म्हणजे जवळपास 128 किलोमीटर. आता हिशेब करा. 43 फूट म्हणजे 13.1 मीटर, पण पिचर पुढे झेपावून सोडते तेव्हा बॉलला साडेअकरा मीटरही जायचे नसतात. बॅटरच्या हाती उरतो साधारण एक तृतीयांश सेकंद. बेसबॉलमध्ये 60 फूट 6 इंचांवरून ताशी 95 मैलांनी आलेल्या बॉलपेक्षाही हा वेळ कमी आहे. त्यात झेपेची मुभा मिळाली. तेव्हा पुढची मागणी ‘अंतर आणखी वाढवा’ ही असेल, असा माझा अंदाज आहे. माझा त्याला पाठिंबा नसेल. दोन बेसमधलं साठ फूट अंतर आणि 43 फुटांचं पिचिंग यांत एक हिशेब जमलेला आहे, शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली क्षेत्ररक्षक) उचललेला बॉल आणि धावणारी बॅटर पहिल्या बेसवर पावलाच्या फरकाने पोचतात ते त्यामुळेच.

जाता जाता : कॉलेजात पाच डावांनंतर आठ रनांची आघाडी असली की सामना संपतो. आपल्याकडच्या आंतरराष्ट्रीय नियमात तीन डावांनंतर 15, चारनंतर 10, पाचनंतर 7. धुलाई फार वेळ बघावी लागत नाही, एवढं तरी आहे.

प्रश्न : 2025 च्या अंतिम फेरीत पिचर मुद्दाम चार बॉल बाहेर टाकत होती आणि बॅटरने त्यातलाच एक मारला. हे नियमात बसतं? (नाशिक)

बसतं. तो टेक्सास विरुद्ध टेक्सास टेक असा पहिला सामना. सहाव्या डावात टेक्सास टेक 1-0 ने पुढे होती आणि टेकची पिचर निजारी कॅनडी टेक्सासच्या रीस अ‍ॅटवूडला फुकट पहिल्या बेसवर पाठवायला निघाली होती (चार बॉल बाहेर गेले की बॅटरला तो बेस आपोआप मिळतो). बॉल हवा तेवढा बाहेर गेला नाही, अ‍ॅटवूडने हात लांबवून तो मैदानात ढकलला, दोन रन आले आणि टेक्सासने सामना 2-1 असा जिंकला. पुढे विजेतेपदही त्यांनीच घेतलं.

बॅटरचे पाय तिच्यासाठी आखलेल्या चौकटीत असतील तर आलेला कुठलाही बॉल ती मारू शकते. पिचरचा हेतू काय होता याच्याशी नियमाला देणंघेणं नाही. यात बदल सुचवणारे लोक भेटतात. माझं म्हणणं, बॉल आणखी हातभर बाहेर टाका.

प्रश्न : आम्ही डॅलसला असतो. मुलगी अकरावीत आहे, कॅचर (बॅटरच्या मागे बसून बॉल झेलणारी). तिचे प्रशिक्षक सांगतात की स्कॉलरशिपचे नियम बदललेत आणि संघात जागा कमी झाल्यात. आम्ही घाबरावं का? (टेक्सास)

घाबरू नका, पण जुनी गणितं विसरा. पूर्वी डिव्हिजन वनच्या, म्हणजे एनसीएएच्या सर्वांत वरच्या गटातल्या, सॉफ्टबॉल संघाला 12 पूर्ण स्कॉलरशिपइतके पैसे वाटता यायचे, आणि प्रशिक्षक त्यांचे तुकडे करून वीस-बावीस मुलींत वाटायचे. जून 2025 मध्ये न्यायालयाने हाउस खटल्यातली (कॉलेज खेळाडूंनी मोबदल्यासाठी एनसीएएविरुद्ध लढलेला खटला) तडजोड मंजूर केली. ज्या विद्यापीठांनी ती स्वीकारली त्यांच्यावर स्कॉलरशिपची मर्यादा राहिली नाही. त्याऐवजी संघाच्या संख्येवर मर्यादा आली, सॉफ्टबॉलसाठी 25. म्हणजे सर्वांना पूर्ण स्कॉलरशिप देता येते, द्यावीच लागते असं नाही. श्रीमंत कार्यक्रम देतील, बाकीचे हात आखडूनच राहतील. ‘तुमच्या विद्यापीठाने तडजोड स्वीकारली का आणि कॅचरला तुम्ही किती देता’ हे दोन प्रश्न प्रत्येक प्रशिक्षकाला सरळ विचारा. विचारायला संकोच करू नका, तिकडे कुणी वाईट वाटून घेत नाही.

मार कुणाला बसला? संघात सव्विसावी-सत्ताविसावी म्हणून, स्कॉलरशिपशिवाय, केवळ शिकायला मिळावं म्हणून येणाऱ्या मुलींना. कॅचरला हा धोका थोडा कमी, कारण प्रत्येक संघ दोन-तीन कॅचर बाळगतोच. खरी स्पर्धा दुसरीच आहे. खेळाडूंना आता विद्यापीठ बदलणं सोपं झालंय, त्यामुळे प्रशिक्षक अकरावीतल्या मुलीऐवजी दुसऱ्या कॉलेजातली तयार एकवीस वर्षांची कॅचर आणतात. वर उल्लेख केलेली कॅनडी 2024 मध्ये स्टॅनफर्ड सोडून टेक्सास टेकला गेली, तिचा करार दहा लाख डॉलरच्या घरातला असल्याच्या बातम्या होत्या. तो अपवाद आहे. मुलीसमोर तो आकडा ठेवू नका.

खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येऊ लागली ती जुलै 2021 पासून. पण तुमची मुलगी पुढे एफ-1 विद्यार्थी व्हिसावर असणार असेल, तर त्या कमाईवर व्हिसाच्या अटी आड येतात. स्कॉलरशिपला ती अडचण नाही. करारावर सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला दाखवा. आणि हो, डिव्हिजन थ्री (एनसीएएचा तिसरा गट) आणि आयव्ही लीगची (हार्वर्ड, येल वगैरे) विद्यापीठं खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत, तिथे गरज बघून मदत मिळते. अभ्यासात हुशार मुलीला ती कधी कधी जास्तच पडते.

प्रश्न : क्रिकेटसारखा डीआरएस सॉफ्टबॉलमध्येही आला म्हणे. (सांगली)

आला. कॉलेजात 2022 च्या हंगामापासून, प्रत्येक प्रशिक्षकाला सामन्यात दोन आव्हानं. बॉल की स्ट्राइक, म्हणजे टाकलेला बॉल स्ट्राइकच्या चौकटीबाहेरून गेला की आतून, यावर दाद मागता येत नाही. कॅमेरे असलेल्या मैदानांवरच हे चालतं, म्हणजे मोठ्यांना न्याय आणि लहान कॉलेजांना पंचांची नजर. होम प्लेटवर (रन पुरा होतो ती जागा) बॉल हातात नसताना वाट अडवणाऱ्या कॅचरविरुद्ध निर्णय मात्र यानंतर जास्त बारकाईने बघितले जाऊ लागले. अडथळ्याच्या नियमाचे शब्द अलीकडे सुधारले गेले, त्यामागे या चित्रफितीही आहेत. मूळ तत्त्व सोपं आहे : बॉल नाही तर वाट नाही अडवायची. तुमच्या गावच्या कॅचरलाही हे आत्ताच शिकवा.

प्रश्न : मी शारीरिक शिक्षण शिक्षक. पहिल्या बेसला दोन रंगांची बॅग आपल्याकडे कधीची आहे, मग अमेरिकन कॉलेजात ती दिसत का नव्हती? (अमरावती)

हट्ट, दुसरं काय. तिथल्या समितीनेही अगदी अलीकडे दुहेरी बेसला मान्यता दिली. धावणारी आणि फर्स्ट बेसवाली एकाच बॅगेवर पाय टाकायला जातात, घोटे मुरगळतात, गुडघे आपटतात. आंतरराष्ट्रीय खेळाला हे फार आधी उमगलं. या एका बाबतीत आपल्या मुली त्यांच्या पुढे होत्या.

तुमच्या विद्यार्थिनींचा गोंधळ कुठे होतो ते लिहिलंत, म्हणून थोडक्यात : बॅटर बॉल मारून पहिल्या बेसवर धावते तेव्हा, आणि तिथे तिला बाद करण्याचा प्रयत्न होत असेल तर, तिने फाउल भागातल्या, म्हणजे रेषेबाहेरच्या, रंगीत बॅगेवर पाय द्यायचा आणि फर्स्ट बेसवालीने पांढऱ्या बॅगेवर. एकदा बेस ओलांडून परत आली की तिच्यासाठी पांढरी बॅगच खरी, रंगीतवर उभी राहून चालणार नाही, टॅग होईल, म्हणजे बॉल अंगाला टेकवून बाद करतील. आउटफिल्डमध्ये फटका गेला आणि पहिल्या बेसवर बॉल येतच नसेल तर वळण घेताना तिने कुठलीही बॅग वापरली तरी हरकत नाही. मारलेला बॉल पांढऱ्या भागाला लागला तर फेअर, फक्त रंगीत भागाला लागला तर फाउल. सरावात रंगीत बॅग मिळत नसेल तर पांढऱ्या बॅगेला लागून बाहेरच्या बाजूला नारिंगी कापड खिळ्यांनी घट्ट ठोका. सैल ठेवू नका, पाय अडकतो.