पाय जमिनीला टेकतात का?

प्रश्न : मी सांगलीत एका कर सल्लागाराच्या ऑफिसात अकरा वर्षं काम करते. वय ४३, उंची चार फूट अकरा इंच. रोज आठ-नऊ तास लॅपटॉपवर टॅली आणि जीएसटीच्या नोंदी. मागच्या वर्षी प्रोग्रेसिव्ह चष्मा लागला. संध्याकाळी डोळे चुरचुरतात, मान भरून येते आणि गेले दोन महिने उजव्या हाताला मुंग्या येऊन रात्री जाग येते. माझी नणंद इंग्लंडमध्ये स्लाऊला नोकरी करते. तिच्या ऑफिसने तिच्याकडून एक फॉर्म भरून घेतला : खुर्ची वरखाली होते का, पाय टेकतात का, स्क्रीनवर उजेड पडतो का. त्यावरून तिला पायाखाली ठेवायला फळी मिळाली. आमचे साहेब म्हणतात, एसीत बसून कसला आलाय त्रास? असा फॉर्म मी इथे भरला तर काही उपयोग होईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : होईल, ताई. तुमच्या नणंदेचा फॉर्म १९९० च्या युरोपीय निर्देशातून आणि त्यावरून ब्रिटनने १९९२ साली केलेल्या नियमांतून आलेला आहे. स्क्रीनसमोर काम करणाऱ्याच्या जागेची पाहणी मालकाने करायची, आणि कर्मचाऱ्याने मागितली तर डोळ्यांची तपासणीही मालकाच्या खर्चाने, असं ते नियम सांगतात. आपल्याकडे स्क्रीनच्या कामासाठी असा वेगळा नियम नाही. पण पाहणीला टेप, वही आणि शेजारच्या टेबलावरची मैत्रीण एवढंच लागतं.

साहेबांचं वाक्य मी पूर्वी फार ऐकलं आहे, आणि सुरुवातीला मलाही ते पटत असे. नव्वदच्या दशकात मी चिंचवडला एका इंजिनिअरिंग कारखान्यात डॉक्टर होते. प्रेस शॉपचा आवाज, फाउंड्रीची धूळ हे मला धोके वाटत. ड्रॉइंग ऑफिसकडे मी कधी फिरकतही नसे. तिथे नकाशे काढायचे बोर्ड जाऊन कॉम्प्युटर आले आणि वर्षभरात तिथलीच माणसं खांदे धरून दवाखान्यात येऊ लागली. मी मलम देत राहिले. शेवटी एक दिवस दुपारी चार वाजता वर जाऊन बसले, तेव्हा कळलं. पूर्वी हीच माणसं बोर्डाशी उभी राहायची, वाकायची, अमोनिया प्रिंट, म्हणजे नकाशाच्या प्रती, आणायला जिना उतरायची. आता सकाळी बसलेला माणूस जेवायलाच उठत होता. त्यांच्या कामातून चालणं नाहीसं झालं होतं, आणि ते कुणी ठरवून काढलेलं नव्हतं. तिथे जायला मी वर्ष लावलं याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून पहिली सूचना वेळेची. पाहणी सकाळी दहाला करू नका. तेव्हा सगळेच ताठ बसतात. तुमच्याकडे ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं भरायची घाई असते. त्या आठवड्यात, दुपारी चारनंतर, मैत्रिणीला तुमचा बाजूने फोटो काढायला सांगा, पण कधी काढणार ते आधी कळू देऊ नका. खांदे कुठे आहेत, हनुवटी कुठे आहे, पाय कुठे आहेत हे त्या फोटोत दिसेल.

माझा अंदाज, पाय लोंबकळत असतील. ऑफिसचं टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं आणि ते तुमच्या उंचीच्या बाईसाठी केलेलं नसतं. हात टेबलाला नीट लागावेत म्हणून खुर्ची वर घेतली की पाय सुटतात. पाय टेकवायला खाली घेतली की खांदे कानाशी जातात. यातून मार्ग एकच : खुर्ची वर घ्यायची आणि पायाखाली काहीतरी द्यायचं. घरातला जुना पाट चालतो. खुर्ची वर होत नसेल तर बैठकीवर घट्ट उशी घ्या.

लॅपटॉपची अडचण अशी, की स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले. स्क्रीन डोळ्यांसाठी उचलला की हात हवेत जातात. म्हणून वेगळा कीबोर्ड आणि माऊस हवाच. साधी जोडी हजार रुपयांच्या आत मिळते. साहेबांकडे मागायची पहिली वस्तू हीच.

आता चष्मा, कारण तुमच्या मानेचं दुखणं मला तिथे दिसतं आहे. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत ठेवा, असं सगळीकडे छापलेलं असतं. प्रोग्रेसिव्ह चष्मेवाल्याने हे तंतोतंत पाळलं तर मान जास्त दुखते. जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो, त्यामुळे समोरचं वाचायला हनुवटी वर करावी लागते आणि मान मागे मोडते. तुमच्या फोटोत हनुवटी उचललेली असली तर स्क्रीन खाली आणा, वर नेऊ नका. शिवाय वाचायचा नंबर सुमारे ४० सेंटिमीटरसाठी काढतात, आणि स्क्रीन ५० ते ७० सेंटिमीटरवर असतो. डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर टेपने मोजा, तो आकडा नेत्रतज्ज्ञांना सांगा आणि फक्त कामासाठी त्या अंतराचा चष्मा मागा. हा आकडा घेऊन येणारे पेशंट फार थोडे, पण त्यांचं काम लवकर होतं.

बिलांचा गठ्ठा टेबलावर एका बाजूला आडवा पडलेला असतो का? तोही मान वळवायला लावतो. स्क्रीनशेजारी उभ्या स्टँडवर लावा.

डोळे चुरचुरतात ते मुख्यतः पापण्या कमी मिटल्यामुळे. एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा मिटणारी पापणी स्क्रीनसमोर पाच-सातवर येते, आणि वर एसीचा झोत तोंडावर असेल तर डोळा सुकतोच. झोताची दिशा बदला. लॅपटॉप बंद करून काळ्या स्क्रीनकडे पाहा; त्यात खिडकी किंवा ट्यूबलाइट दिसली तर टेबल असं फिरवा की खिडकी तुमच्या बाजूला येईल. स्क्रीनच्या कामाने डोळे थकतात, पण मोठ्या माणसाचे डोळे कायमचे खराब होत नाहीत. ती भीती सोडा.

हाताच्या मुंग्यांवर मात्र पाट आणि टेपवर थांबू नका. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होतं, रात्री हात झटकल्यावर बरं वाटतं, असं असेल तर मनगटातली मधली नस दाबली जात असावी. करंगळी बधिर होत असेल तर दुखणं बहुधा कोपराकडचं. दोन्हींत डॉक्टरांना दाखवाच, साखर आणि थायरॉइडही तपासून घ्या. या वयात बायकांमध्ये ही तक्रार कॉम्प्युटरशिवायही दिसते, आणि सगळा दोष माऊसवर टाकला की थायरॉइड राहून जातो. हातातून वस्तू निसटायला लागल्या तर एक दिवसही थांबू नका.

साहेबांशी बोलताना कागद न्या. आठवडाभर वहीत लिहा : किती वाजता, कोणतं काम, कुठे दुखलं. आणि तासाला पाच मिनिटं उठायची मुभा मागा. दोन तासांनी एकदम वीस मिनिटं मिळण्यापेक्षा ती जास्त उपयोगी. ठरावीक संख्येहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागू आहे. सलग काही तास काम झाल्यावर अर्ध्या तासाची सुट्टी त्यात आहेच. पाच मिनिटं ही त्याहून वेगळी, आणि ती समजुतीनेच मिळवावी लागेल.

प्रश्न : पाचवा महिना आहे, आयटीत काम करते. सासूबाई म्हणतात, कॉम्प्युटरच्या किरणांनी बाळाला धोका असतो. निळा प्रकाश अडवणारा चष्मा घेऊ का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : सासूबाईंची भीती जुनी आहे आणि तिला कारण होतं. ऐंशीच्या दशकात जुन्या काचेच्या नळीचे स्क्रीन वापरणाऱ्या बायकांमध्ये गर्भपाताची शंका घेतली गेली. अमेरिकेत टेलिफोन ऑपरेटर बायकांच्या दोन गटांची, स्क्रीनवाल्या आणि बिनस्क्रीनच्या, तुलना झाली. १९९१ साली निकाल आला, आणि स्क्रीनमुळे गर्भपात वाढल्याचं दिसलं नाही. आताचे स्क्रीन तर क्ष-किरण तयारच करत नाहीत. हे त्यांना शांतपणे सांगा. चष्मा घेऊ नका. २०२३ मध्ये सतरा चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या, तेव्हा अशा काचांनी डोळ्यांचा थकवा कमी झाल्याचं आढळलं नाही.

तुमची खरी अडचण वेगळी आहे. पोट पुढे येईल तशा तुम्ही टेबलापासून लांब जाल, हात ताणले जातील; मनगटाला सूज आली तर बोटांना मुंग्या येतील. पाय सुजत असतील तर तासाला उठून चाला. आणि खुर्ची-टेबलाचं अंतर एकदा जमलं म्हणून सोडून देऊ नका, दर महिन्याला पुन्हा मोजा.