विशेष मुलांच्या शाळेच्या संस्थापक बाईंचा पहिला स्मृतिदिन: मुलांनाही सहभागी करून कसा करावा?

बौद्धिक अक्षम मुलांसाठी आयुष्य दिलेल्या बाईंचा स्मृतिदिन कोल्हापूरच्या दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात करायचा आणि मुलांनाही न्यायचं, असं तुम्ही म्हणताय. माझं ऐकाल तर शाळेच्याच हॉलमध्ये करा. अनोळखी जागा, गर्दी आणि त्यात माइकची शिट्टी, की बरीच मुलं कानावर हात ठेवून दाराकडे धावतात. पाहुण्यांना शाळेत यायला काय अडचण?

मुलांना सांगताना ‘बाई देवाघरी गेल्या’ किंवा ‘झोपल्या’ म्हणू नका. शब्द आहे तसा घेणारं मूल त्या घरून कधी येणार हे विचारत राहतं, नाहीतर रात्री झोपायला घाबरतं. ‘बाई वारल्या. त्या आता शाळेत येणार नाहीत. आपण त्यांना फूल वाहणार आहोत.’ आठवडाभर रोज हेच, याच शब्दांत. सोबत चार चित्रांची पट्टी दाखवा: हॉल, बाई, फूल, खाऊ. शेवटचे तीन दिवस तालीम घ्या.

वेळ सकाळी दहाची, पाऊण तासात आटोपायचं. फिट्सच्या गोळ्या आणि जेवण यांची वेळ टळता कामा नये. स्तब्धता ठेवण्याऐवजी प्रत्येकाला एक शेवंती वाहू द्या. फूल लांब देठाचं घ्या, कारण पकड कमी असलेल्या हातातून सुटी पाकळी निसटते. तसबीर भिंतीवर नको, व्हीलचेअरवरून हात पोचेल अशा टेबलावर ठेवा. फोटो रोजच्या साडीतला, चष्म्यासकट असावा. तरुणपणीचा स्टुडिओतला फोटो मुलं ओळखत नाहीत. समई हाताच्या टप्प्याबाहेर, उदबत्ती नकोच.

खाऊला भडंग देऊ नका. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांच्या घशात शेंगदाणा अडकतो. मऊ शिरा द्या.

भाषणं दोनच, तीन-तीन मिनिटांची. शाल-श्रीफळ वगळा. पाहुण्यांना बसवणं, पाणी देणं हे बाईंच्या हाताखाली शिकून मोठ्या झालेल्या मुलामुलींकडे सोपवा. बाईंच्या कामाची ओळख याहून चांगली कोण करून देणार?

जमलेल्या पैशातून पुरस्काराची ढाल काढण्यापेक्षा कायदेशीर पालकत्वाचं काम हाती घ्या. मूल १८ वर्षांचं झालं की आईवडीलसुद्धा कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नसेल तर आधी सीपीआर या सरकारी रुग्णालयाची फेरी. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. नेमकं हेच राहून जातं. निमंत्रणपत्रिकेतच छापा की १८ पूर्ण झालेल्यांच्या पालकांनी मुलाचं प्रमाणपत्र, आधार आणि फोटो सोबत आणावेत, म्हणजे शिरा खाऊन झाल्यावर तिथेच अर्ज भरायला बसता येईल.