पागेतील प्रश्न : शिंगराची आखडलेली मान

प्रश्न : मुळशी रस्त्याला आमची छोटी पागा आहे. पाच महिन्यांचे शिंगरू मोहरकीने खांबाला बांधलेले असताना बुजले आणि मागे ओढता ओढता उलटे पडले. आठ दिवस झाले, ते मान वळवत नाही आणि खालची वैरण खात नाही. एका जाणत्या गृहस्थांनी मान झटका देऊन बसवून घ्यावी, असे सुचवले आहे. काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मान कोणालाही झटकू देऊ नका, ही कळकळीची विनंती. घोड्याच्या मानेत ७ मणके असतात. त्यांतील दुसऱ्या मणक्याचा दातासारखा सुळका पहिल्या मणक्यात बसतो आणि त्याच्या आधाराने डोके वळते. या वयात तो सुळका उरलेल्या मणक्याशी कूर्चेने जोडलेला असतो, त्यामुळे मोहरकीला ताण देऊन पडलेल्या शिंगरात तो नेमका तिथेच तुटण्याची शक्यता असते, आणि त्याला लागूनच मज्जारज्जू जातो. अशा मानेला झटका दिला, तर आज केवळ दुखणारे शिंगरू उद्या लुळे पडू शकते.

शिंगरू तबेल्यात दोन-चार पावले टाकताना मागचे पाय झोकांड्या खातात का, खूर घासटतो का, पायात पाय अडकतो का, एवढे पाहा. यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्यांना बोलवा. तसे न दिसले, तरी एक्स-रे टाळू नका. तो शिंगराला उभे ठेवून, बाजूने काढता येतो. रेसकोर्समुळे पुण्यात घोड्यांवरील उपचारांचा अनुभव असलेले पशुवैद्य मिळतात. तोवर मोहरकी काढून ठेवावी, शिंगराला कोरड्या, न घसरणाऱ्या जागेत कोंडून विश्रांती द्यावी आणि वैरण, चंदी व पाणी छातीच्या उंचीवर ठेवावे.

हाड शाबूत असेल, तर काही आठवड्यांच्या विश्रांतीने बहुधा गुण येतो. हाड मोडले असेल किंवा मज्जारज्जूवर दाब असेल, तर शस्त्रक्रियेचा निर्णय पशुवैद्यच घेतील, आणि पूर्ण बरे होण्याची खात्री देता येत नाही. फेनिलब्युटाझोन किंवा फ्लुनिक्सिन ही वेदनाशामके मोठ्या घोड्याच्या अंदाजाने मुळीच देऊ नका, कारण शिंगरांना त्यांनी जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडांनाही इजा पोहोचते. सांध्यात स्टेरॉइड टोचण्याचा उपचार मुख्यतः वयस्कर घोड्यांच्या संधिवातासाठी आहे. एक्स-रेपूर्वी त्याचा आग्रह धरू नये.

पुढे बांधायला शिकवताना दोरी थेट कडीला न बांधता मध्ये सुतळीचा तुकडा घालावा, म्हणजे शिंगरू बुजले तर मानेआधी सुतळी तुटेल.