हँगरमधली कार्यशाळा : भिंत की पिवळी रेघ?

प्रश्न : आमच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेचे हँगर सुमारे 25 मीटर रुंद आणि 20 मीटर खोल असून त्यात दोन सेस्ना 172 विमाने शेजारी शेजारी उभी राहतात. मागच्या मोकळ्या पट्ट्यात ग्राइंडर, ड्रिल, कॉम्प्रेसर आणि बॅटरी चार्ज करण्याची सोय असलेली छोटी कार्यशाळा उभारावी, असा विचार आहे. भिंतीचा खर्च टाळून जमिनीवर पिवळी रेघ आखून भागेल का?
– एक वाचक, उत्तर महाराष्ट्र

उत्तर : भागणार नाही. सकाळी टाक्या काठोकाठ भरलेले विमान दुपारपर्यंत उन्हात उभे ठेवून मग आत ढकलले, की तापून फुगलेले इंधन डाव्या पंखाखालच्या हवानळीतून ठिबकू लागते, आणि खालच्या फरशीवर निळसर डाग उमटतो. हे विमानाचे पेट्रोल थंडीच्या दिवसांतही पेट घेण्याइतकी वाफ सोडते, आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे वर न जाता फरशीलगत पसरत जाते. म्हणूनच अमेरिकेच्या विद्युत संहितेने हँगरच्या जमिनीपासून 18 इंच, म्हणजे सुमारे 45 सेंटिमीटर उंचीपर्यंतचा सगळा थर धोक्याचा ठरवला आहे. इंजिन आणि इंधनटाक्यांच्या भोवतीचे 5 फुटांचे अंतरही त्यातच धरले जाते. भिंतीने नीट तोडलेली नसेल, तर शेजारची खोलीसुद्धा या थरातून सुटत नाही.

तेव्हा मागच्या पट्ट्यात छतापर्यंत पक्की भिंत घाला, तिचे दार शक्यतो हँगरमध्ये न उघडता बाहेरच्या बाजूला ठेवा, आणि ठिणगी पाडणारे प्रत्येक यंत्र त्या भिंतीपलीकडे न्या. विमानाजवळ राहील ते फक्त हातहत्यारांचे टेबल. हँगरमधले प्लगचे बोर्ड कमरेच्या वर घ्या; फरशीवरून लांबवलेली वायर आणि तिच्या टोकाला लोंबता उघडा दिवा ही आपल्याकडची आवडती सोय मात्र कायमची बंद करा. कॉम्प्रेसर मागच्या बाजूला पत्र्याच्या छपराखाली बसवून केवळ नळी आत आणावी, म्हणजे आवाजही बाहेर राहतो. पावसाळ्यात त्या हवेबरोबर पुष्कळ पाणी येते, म्हणून पाणी वेगळे करणारा फिल्टर लावून तो रोज रिकामा करावा लागेल.

बॅटरीचा हिशेब नेमका उलटा आहे. चार्ज होताना निघणारा हायड्रोजन हलका असल्यामुळे छताशी साचतो, म्हणून त्या खोलीला झरोका अगदी वर हवा. शिसे-आम्लाच्या आणि निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या एकाच खोलीत, एकाच हायड्रोमीटरने (बॅटरीतल्या द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणाने) कधीही हाताळू नयेत.

ग्राइंडरबद्दल एक सांगणे अगत्याचे आहे. ज्या चाकावर पोलाद घासले जाते, त्यावर ॲल्युमिनियमचा तुकडा धरू नये. मऊ धातू चाकाच्या रंध्रांत भरून बसतो आणि तापलेले चाक फुटू शकते. पोलादाची बारीक कणी ॲल्युमिनियमच्या पत्र्यात रुतली, तर काही महिन्यांनी तेथेच गंज धरतो. याच कारणाने पत्र्यावर शिसपेन्सिलीने खूण करण्याची सवयही मोडायला हवी, कारण तिच्यातला ग्रॅफाइट तेच काम करतो.

हे सगळे करण्यापूर्वी आपल्या देखभाल विभागाच्या गुणवत्ता व्यवस्थापकाला आराखडा दाखवा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची कार-145 (विमान देखभाल संस्थांसाठीची) मान्यता असेल, तर कामाच्या जागेचे वर्णन संस्थेच्या नियमपुस्तिकेत असते, आणि जागा बदलली की ते वर्णनही बदलून घ्यावे लागते.

प्रश्न : याच संदर्भात विचारते. प्रत्येक हत्यार टांगण्याच्या जागी त्याची आकृती रंगवलेला फळा खरोखर आवश्यक आहे, की तो तपासणीला येणाऱ्यांना दाखवण्यापुरता असतो?
– एक प्रशिक्षणार्थी तंत्रज्ञ

उत्तर : मी नोकरीत नवा असताना संध्याकाळी फळ्यावर 7/16 इंची पान्याची जागा रिकामी दिसली. वरिष्ठांनी विमान बाहेर काढू दिले नाही, आणि आम्ही चौघांनी रात्री साडेनऊपर्यंत आसने, गालिचे आणि तळाची झाकणे उघडून शोध घेतला. पाना सापडला तो शेपटीकडे जाणाऱ्या नियंत्रण-तारेच्या कप्पीपासून वीतभर अंतरावर. फळ्याऐवजी हत्यारांची पेटी असती, तर तिचे झाकण लावून आम्ही सहा वाजता घरी गेलो असतो. फळ्यावर आकृत्या रंगवताना मात्र पार्श्वभूमी भडक लाल ठेवा, म्हणजे रिकामी जागा दारातूनच दिसेल, आणि स्वतःचे खासगी हत्यार आत आणण्यास कोणालाही मुभा देऊ नका.