इतिहासात एम.ए. झालंय, बडोदा न सोडता डिजिटल इतिहासकार होता येईल का?

तुम्ही लिहिलंय की नकाशे-आलेख करायची आवड आहे, आणि विचारलंय की आधी पायथन ही संगणकाची भाषा शिकू का. मी बारा वर्षं हेच काम करतोय: जुन्या कागदांतली माहिती संगणकावर तक्त्यांत आणि नकाशांत मांडायचं. माझं ऐकाल तर आधी मोडी लिपी शिका, जुने मराठी कागद तिच्यातच असतात. कामापुरतं पायथन सहा महिन्यांत येतं. मोडीत आधी ओळभर रेघ मारून तिच्याखाली अक्षरं सलग लिहीत जातात, शब्द तोडलेला नसतो आणि प्रत्येक कारकुनाचं वळण निराळं. ते डोळ्यांत बसायला वेळ लागतो.

मला हे चुकीतून कळलं. गायकवाडी जमाखर्चाच्या पन्नासेक वर्षांच्या रकमा मी एका तक्त्यात भरल्या आणि आलेख काढला. विसाव्या शतकाच्या तोंडावर रेघ एकदम खाली आलेली. दुष्काळाचा परिणाम, असं मी खाली लिहूनही टाकलं. दफ्तरात आयुष्य काढलेल्या एका काकांनी तो कागद बघितला आणि एवढंच विचारलं, "यातला रुपया कुठला?" बडोदा संस्थानाने १९०१ च्या सुमारास आपला बाबाशाही रुपया बंद करून कलदार, म्हणजे ब्रिटिश सरकारचा रुपया, घेतला होता. बाबाशाही कलदारापेक्षा हलका, त्याचा भावही सारखा बदलणारा. मी दोन्ही नाणी एकाच रकान्यात धरली होती.

तेव्हापासून माझ्या तक्त्यात रकमेशेजारी नाण्याचा रकाना असतो. तारखेला दोन रकाने: कागदावर आहे तशी एक, इसवीतली दुसरी. 'इहिदे सबैन मया व अलफ' हे अरबी आकडे, म्हणजे जुन्या मराठी कागदांतल्या कालगणनेचं सुहूर सन ११७१. त्यात ५९९ मिळवले की १७७० येतं, पण हे वर्ष मृग नक्षत्राला बदलतं, म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदाला ६०० मिळवायचे. त्याच रुमालातला (दफ्तराच्या गाठोड्यातला) गुजराती कागद विक्रम संवत सांगतो, ते कार्तिकात सुरू होतं. हे संगणकाला आपणच सांगावं लागतं.

नकाशाचंही तसंच. बडोदा संस्थान सलग नव्हतं. कडी, बडोदा, नवसारी, अमरेली असे चार प्रांत, मधेमधे ब्रिटिश मुलूख आणि दुसरी संस्थानं. ओखामंडळ तर पार द्वारकेपाशी. आजच्या जिल्ह्यांच्या नकाशात जुने आकडे रंगवले तर चित्र देखणं होतं आणि चुकीचं असतं. हद्दी क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः आखायच्या, गावं बघत बघत. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका.

संस्थानची लोकसंख्या १८९१ मध्ये २४,१५,३९६ होती, १९०१ मध्ये १९,५२,६९२. मधे छप्पनियाचा, म्हणजे संवत १९५६ चा (१८९९-१९००) दुष्काळ. साडेचार लाखांवर माणसं कमी झाली, पण ती सगळी मेली असं हे आकडे म्हणत नाहीत; जन्म घटतात, लोक गाव सोडतात. नकाशाखाली 'घट' लिहायचं की 'मृत्यू', हे ठरवायला इतिहासकारच लागतो. माझ्या लेखी या कामाचा जीव इथे आहे.

प्रसिद्ध करताना नुसतं चित्र टाकू नका. सोबत तक्ता, रकान्यांचा खुलासा आणि वगळलेल्या नोंदींची यादी द्या. झेनोडो या संशोधनाची माहिती साठवणाऱ्या संकेतस्थळावर हे फुकट ठेवता येतं आणि डीओआय हा कायमचा ओळखक्रमांक मिळतो, म्हणजे लेखासारखाच त्याचाही हवाला देता येतो. अटलांटिक गुलाम-व्यापाराच्या ३६,००० हून अधिक सफरींचा 'स्लेव्ह व्हॉयेजेस' हा संग्रह एकदा उघडून बघा. एकेका जहाजाची नोंद आणि ती कुठल्या कागदातून आली हे कोणालाही तपासता येतं. विद्वत्ता म्हणतात ती ही.

पोटापाण्याचं सांगतो. या नावाची कायम नोकरी मला तरी मिळाली नाही. स्कॅनिंगच्या कामातली सूची, संग्रहालयातले फलक, दुसऱ्यांच्या पुस्तकांचे नकाशे, अशी कंत्राटी कामं करतो. बिलं उशिरा निघतात, आणि सुरुवातीची वर्षं घर बायकोच्या पगारावर चाललं. तुमच्या घरी हे आधीच मोकळेपणाने बोला. पण कागद बडोद्यात असताना बडोदा सोडायचं कारण मला दिसत नाही.

सुरुवात म्हणून १८९१ आणि १९०१ चे बडोद्याचे सेन्सस रिपोर्ट काढा आणि फक्त कडी प्रांताचा तालुकावार तक्ता करा. या दहा वर्षांत कुठल्या तालुक्याची हद्द बदलली का, ते आधी बघा. आलेख मात्र इतक्यात काढू नका. तक्ता पाठवा, मी रकाने तपासून देतो.