वाचकांचे प्रश्न : चहाचा भाव आणि पांघरूण

प्रश्न : मागील अंकातील गूढ शब्दकोड्यात 'खेड्यातल्या चहाचा भाव हेच पांघरूण (३)' असे शोधसूत्र होते. मी दोन दिवस चहाच्याच मागे लागलो आणि उत्तर 'चादर' निघाले. सारा जन्म सोलापुरात काढून मला ते सुचू नये, याची लाज वाटली. अशा शोधसूत्रात अर्थ कोठे संपतो आणि खेळ कोठे सुरू होतो, हे कसे ओळखावे?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : लाज वाटण्याचे कारण नाही, तुमचे लक्ष चादरीवरून चहाच्या टपरीकडे वळावे, याच हेतूने ते वाक्य रचले होते. गूढ शोधसूत्रात एकाच उत्तराकडे जाणाऱ्या दोन वाटा असतात : एक उत्तराचा सरळ अर्थ, आणि दुसरी ते उत्तर अक्षरे जोडून, फिरवून किंवा लपवून घडवण्याची कृती. सरळ अर्थ बहुधा वाक्याच्या अगदी आरंभी किंवा अगदी शेवटी असतो, म्हणून वरवरच्या अर्थाला न भुलता आधी दोन्ही टोके तपासावीत. येथे शेवटचे 'पांघरूण' हा अर्थ, आणि कंसातला आकडा ही उत्तराची अक्षरसंख्या. खेड्यातला चहा म्हणजे 'चा', भाव म्हणजे 'दर', आणि 'हेच' हा नुसता सांधा.

'मुलगा जर पोटात दडवतो ती भाजी (३)' यात 'पोटात' ही खूण आहे. पहिले दोन शब्द सलग वाचले की त्यांच्या पोटातले 'गाजर' दिसते. 'उलटसुलट कशीही ठेवा, सोलापूरची भाकरी अशीच (३)' याचे उत्तर मात्र मी देत नाही. ते आपापल्या दातांना विचारावे.

प्रश्न : मी रचलेले 'कमल बिघडली की लिहिते (३)' हे शोधसूत्र मित्रांनी नापसंत केले. उत्तर 'कलम' आहे. दोष कोणता?
– एक वाचक, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

उत्तर : अक्षरांची फिरवाफिरव निर्दोष आहे आणि 'बिघडली' ही तिची खूणही छान आहे. दोष 'लिहिते' या शब्दात आहे, कारण ते क्रियापद आहे आणि 'कलम' हे नाम. एकाच्या जागी दुसरे वाक्यात बसत नाही. 'झिमेनीज' या टोपणनावाने इंग्रजी कोडी रचणारे डेरिक मॅकनट यांनी १९६६ साली या कलेवर पुस्तक लिहिले. त्यांच्या भूमिकेचे सार असे सांगतात की, शोधसूत्रात नेमका अर्थ असावा, न्याय्य शब्दखेळ असावा आणि याखेरीज काहीही नसावे.

'बिघडलेल्या कमलची लेखणी (३)' असे केल्यास नामाला नाम मिळते. त्यातील 'ची' हा प्रत्यय फिरवायच्या अक्षरांना चिकटला आहे, अशी तक्रार काटेकोर मंडळी करतील. मला ती पटत नाही, कारण विभक्तिप्रत्यय टाळून मराठीत सहज वाक्य होतच नाही, आणि वरच्या 'चहाचा भाव'मध्येही आपण तो चालवून घेतलाच आहे.

मात्र अक्षराबाबत सवलत नाही. काना-मात्रेसह अख्खे अक्षर हलते आणि जोडाक्षराला एकच घर मिळते. त्यामुळे 'कमला'तील काना काढून तो 'क'ला लावता येणार नाही; 'ला' जेथे जाईल तेथे 'ला'च राहील.