व्हॉल्व्ह बदलल्यावर अंडं खाऊ का?

प्रश्न: दोन महिन्यांपूर्वी माझं हृदयाच्या व्हॉल्व्हचं (झडपेचं) ऑपरेशन झालं, मेटलचा बसवलाय, वॉरफरिन (रक्त पातळ ठेवायची गोळी) चालू आहे. घरचे अंड्याला हातच लावू देत नाहीत. खाल्लं तर चालेल का?

उत्तर: ताई, वॉरफरिन चालू आहे म्हणून अंडं बंद करायची गरज नाही. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रोटीन असतं आणि छातीची जखम भरून यायला, गेलेली ताकद परत यायला प्रोटीन लागतंच. फक्त नीट उकडून खा, पिवळा बलक घट्ट झालेला हवा, कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं नको, कारण त्यातून इन्फेक्शन होऊ शकतं. कोलेस्टेरॉल सगळं बलकात असतं, त्यामुळे ते वाढलेलं असेल किंवा डायबेटिस असेल तर बलक किती खायचा हे डॉक्टरांना विचारून घ्या, पांढरा भाग बिनधास्त खा.

खरी काळजी घ्यायची ती पालक, मेथीसारख्या हिरव्या पालेभाज्यांची, त्यातलं व्हिटॅमिन के वॉरफरिनचा असर कमी करतं. म्हणून त्या सोडायच्या असं नाही हं, पण एक आठवडा भरपूर आणि पुढचा आठवडा अजिबात नाही असं करू नका, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा) वरखाली होतो. प्रमाण दर आठवड्याला सारखं ठेवा. आणि आयएनआर तपासायची तारीख कृपा करून चुकवू नका.